नदीचं मूळ शोधू या, नकाशात!

२३ सप्टेंबर १८०३. पावसाळा सरत आला होता. भोकरदनजवळच्या केळना नदीच्या दक्षिणेला एक इंग्रज सेनापती घोड्यावर बसून दुर्बिणीतून पलीकडचा तीर न्याहाळत होता. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं अफाट सैन्य उभं होतं. शंभराच्या आसपास तोफा होत्या. मध्ये नदी, आणि नदीचे काठ उंच, दरडीसारखे. तोफांच्या तोंडासमोरून ती ओलांडायची म्हणजे मरणाच्याच दारात जायचं.

वेलस्लीनं बरोबरच्या वाटाड्यांकडे चौकशी केली. खालच्या अंगाला कुठं नदीला उतार आहे का? वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही.

तेवढ्यात त्याला एक गोष्ट दिसली. थोडं पूर्वेला नदीच्या पलीकडे एक गाव होतं, आणि अगदी त्याच्या समोर अलीकडच्या तीरावर दुसरं गाव होतं. इंग्रजी कागदपत्रांत या गावांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी आली आहेत. वेलस्लीनं मनाशी विचार केला, की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, तर माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच. मग नदी ओलांडायला जागा असलीच पाहिजे! त्यानं एका अधिकाऱ्याला पाठवून खात्री करून घेतली. उतार सापडला. सैन्य तिथून पार झालं आणि केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्टीवर असईची लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूची दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांचंही फार मोठं नुकसान झालं. लढाई इंग्रजांनी जिंकली.

दोस्तांनो, ही गोष्ट वाचून आपल्याला काही आनंद होत नाही. लढाई आपण हरलो होतो. पण एक गोष्ट मात्र डोक्यात राहते. तो माणूस परका होता. त्या गावांची भाषा त्याची नव्हती. त्याच्याजवळ त्या भागाचा आजच्यासारखा नकाशाही नव्हता. तरी त्यानं जमीन 'वाचली'. आपण त्याच जमिनीवर राहतो, रोज त्याच ओढ्यातून शाळेत जातो आणि तरी ती आपल्याला वाचता येत नाही!

असई आज जालना जिल्ह्यात आहे. आणि आज जालन्यात जमीन वाचता येणं गरजेचं आहे ते लढाईसाठी नाही, पाण्यासाठी. कसं, ते बघू या.

जमिनीचं पुस्तक

शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा तुम्ही पाहिलाच असेल. त्यात तालुके, मोठे रस्ते, दोन-चार नद्या असतात. पण तुमच्या गावामागची टेकडी त्यात सापडते का? नाही. त्यासाठी दुसरा नकाशा लागतो. त्याला म्हणतात स्थलनिर्देशक नकाशा. भूगोलाचे सर त्याला 'टोपोशीट' म्हणतात. त्यात विहीर असते, पायवाट असते, देऊळ असतं, ईदगाह असतो, डाकघर असतं. एखाद्या तलावाचा बांध किती मीटर उंच आहे, तेही कधी कधी लिहिलेलं असतं!

हे नकाशे काढते सर्व्हे ऑफ इंडिया ही सरकारी संस्था. तिची स्थापना झाली १७६७ साली, आणि मुख्य कचेरी आहे देहरादूनला. आता यातली गंमत ऐका. भारताची अचूक मोजणी ज्यानं सुरू केली, तो विल्यम लॅम्बटन हा वेलस्लीच्याच पलटणीतला, म्हणजे ३३ व्या पलटणीतला अधिकारी! त्याच्या मोजणीच्या योजनेला वेलस्लीचा पाठिंबा होता. असईच्या लढाईच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल १८०२ रोजी, लॅम्बटननं मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन त्याची माणसं डोंगरामागून डोंगर चढत उत्तरेकडे निघाली. वीस वर्षं हे काम केल्यावर जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन वारला, तो आपल्या महाराष्ट्रातच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबरही तिथंच आहे.

राज्यकर्त्यांना नकाशे हवे होते ते सैन्य हलवायला आणि सारा गोळा करायला. बरीच वर्षं सामान्य माणसाला हे नकाशे सहजी मिळतही नसत. आता दिवस बदलले आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानं लोकांसाठी वेगळी नकाशामालिका आली. २०१७ साली सर्व्हे ऑफ इंडियाला २५० वर्षं झाली, तेव्हा हे नकाशे संकेतस्थळावर मोफत मिळू लागले. राज्यकर्त्यांनी आपल्यावर राज्य करायला काढलेली वस्तू आज आपल्या हातात आहे. आता तिचा उपयोग आपण करायचा.

चार पानांच्या कोपऱ्यावर

हे नकाशे काढायचे म्हणून देशावर अक्षांश-रेखांशांची चौकट टाकली गेली. चार अंश लांब आणि चार अंश रुंद असा एक-एक मोठा चौकोन. प्रत्येकाला एक आकडा. त्या चौकोनाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी ए ते पी अशी अक्षरं. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग, त्यांना १ ते १६ आकडे. तो शेवटचा छोटा भाग म्हणजे एक टोपोशीट.

या पद्धतीत जालना शहराचा पत्ता काय? ४७ एम/१३. आहे की नाही सोपं? जणू गल्ली आणि घर नंबरच!

पण जालना जिल्ह्याची खरी मौज पुढंच आहे. २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश या दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात, ती जागा जालना-बुलढाणा सीमेजवळ, देऊळगाव राजाच्या परिसरात येते. तिथंच ४६, ४७, ५५ आणि ५६ या चार मोठ्या चौकोनांचे कोपरे एकत्र येतात. त्यामुळे भोकरदन सापडतं ४६ च्या पानावर. जालना, बदनापूर आणि अंबड ४७ वर. परतूर आणि मंठा ५६ वर. जाफराबाद आणि घनसावंगी तर रेषेच्या अगदी कडेला. आणि जाफराबादच्या पूर्वेचा भाग पाहायचा तर ५५ क्रमांकाचं पान काढावं लागतं. एकच जिल्हा, पण चार पानांत विभागलेला! नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली आहे, पण २० अंशांची रेषा तिथंही जिल्ह्याला दोन भागांत कापतेच.

यातले बहुतेक नकाशे १:५०,००० या प्रमाणावर असतात. म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर, तर जमिनीवर १ किलोमीटर. एका पानावर साधारण २८ किलोमीटर लांब आणि २६ किलोमीटर रुंद एवढा मुलूख मावतो. जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. मग किती पानं लागतील? करा गणित! आणि कडेच्या पानांवर शेजारच्या जिल्ह्यांचा मुलूखही येतो, हे विसरू नका.

काळे ओढे

नकाशा उघडला, की आधी रंग दिसतात. पिवळा म्हणजे शेती. हिरवा म्हणजे झाडी. लाल म्हणजे वस्ती आणि रस्ते. निळा म्हणजे पाणी. तपकिरी म्हणजे उंच-सखलपणा.

जालन्याचं पान उघडलं, की सगळीकडे पिवळाच पिवळा. ही आपली काळीभोर जमीन, कापसाची, ज्वारीची, सोयाबीनची. मधे मधे लाल ठिपके, म्हणजे गावं. आपले आजी-आजोबा गावाच्या जमिनीला 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात ना? पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. नकाशात काळी होते पिवळी आणि पांढरी होते लाल!

आता ओढे बघा. नीट बघा हं. ते निळे नाहीत. बहुतेक ओढे काळ्या रेषांनी काढलेले आहेत. छापखान्याची शाई संपली की काय? छे! नकाशाचा नियमच आहे, की ज्या ओढ्यात वर्षभर पाणी असतं तो निळा, आणि जो पावसाळा संपला की कोरडा पडतो तो काळा.

म्हणजे नकाशा काढणारानं एकही शब्द न लिहिता आपल्याला सांगितलं, की या जिल्ह्यात पाणी येतं आणि निघून जातं. इथं पाण्याची चणचण आहे, ती अशी काळ्या शाईत नोंदलेली आहे.

पण मग इथं पाऊसच पडत नाही का? तर तसंही नाही. जिल्ह्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. आता एक हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर पडतं ७० लाख लिटर पाणी! दहा हजार लिटरचे सातशे टँकर! एवढं पाणी आभाळातून फुकट येतं. काही मुरतं, काही वाफ होऊन उडतं, आणि बरंचसं पळून जातं. कुठून पळतं? ते सांगतात तपकिरी रेषा.

बटाट्याची टेकडी

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. व्याख्या पाठ असते, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून आईला विचारून एक मोठा बटाटा घ्या. त्याचे उभे दोन तुकडे करा. एक तुकडा सपाट बाजू खाली करून ताटलीत ठेवा. झाली टेकडी! आता ताटलीत एक सेंटिमीटर पाणी ओता. पाणी बटाट्याला जिथं टेकतं, तिथं पेनानं सगळीकडून रेघ ओढा. मग आणखी एक सेंटिमीटर पाणी, आणखी एक रेघ. शेवटी पाणी ओतून द्या आणि बटाट्याकडे बरोबर वरून बघा. एकात एक बसलेल्या कड्या दिसतील. बटाट्याची बाजू जिथं उभी, तिथं रेघा चिकटलेल्या. जिथं पसरट, तिथं लांब लांब. हाच तुमचा नकाशा!

टोपोशीटवर अशी एक-एक रेषा २० मीटर उंचीनं वर चढते. दर पाचवी रेषा जाड असते. दोन रेषांमध्ये कागदावर फक्त २ मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर १०० मीटर चालताना तुम्ही २० मीटर चढता. दम लागणार! आणि तेच अंतर २ सेंटिमीटर असेल, तर तेवढंच चढायला अख्खा किलोमीटर मिळतो. चढ आहे हे पायांना कळणारही नाही. पण पाण्याला कळतं. पाण्याला सगळं कळतं.

आपल्या भागात या रेषा एका खास तऱ्हेनं वागतात. आधी दाट गर्दी, मग मोकळी जागा, मग पुन्हा गर्दी. जणू जिने. कारण आपली सगळी जमीन लाव्हाच्या थरांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. थरांच्या कडा म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. म्हणूनच आपल्या टेकड्यांचे माथे टोकदार नसतात, सपाट असतात. 

अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. तिचा आकार माशासारखा आहे असं सांगतात. नकाशात तो मासा दिसतो का, शोधा बघू. नाही दिसला तर निराश होऊ नका. २० मीटरच्या टप्प्यांत लहान टेकडीचा मासा निसटूनही जातो. नकाशालाही सगळं दिसत नाही!

दोन थेंब, दोन समुद्र

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं म्हणतात. ऋषींचं राहू द्या. नदीचं मूळ मात्र आपण शोधू या.

समोच्च रेषा ओढ्याला ओलांडते तेव्हा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकते. त्या व्हीचं टोक नेहमी वरच्या बाजूला, म्हणजे ओढ्याच्या उगमाकडे असतं. टोकामागून टोक धरून बोट पुढं न्या. पोहोचाल तिथं, जिथं ओढा सुरू होतो. त्याच्याही वर चढलात, की एक जागा येते जिथून पाणी दोन्हीकडे उतरतं. ती पाण्याची वाटणी करणारी कड. तिला जलविभाजक म्हणतात.

भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन थेंब पडले असं समजा. उत्तरेला घरंगळलेला थेंब तापीच्या खोऱ्यात जातो आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेला घरंगळलेला थेंब पूर्णेत उतरतो. पूर्णा भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतून बुलढाण्यात जाते. तिथं तिला खडकपूर्णा म्हणतात. पुढे ती गोदावरीला मिळते आणि तो थेंब आंध्रातून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. दोन थेंबांत हातभर अंतर, आणि शेवटी मध्ये सगळा देश!

आणखी एक गंमत. तापीला मिळणाऱ्या एका नदीचं नावही पूर्णाच आहे, अकोल्याकडची. तेव्हा पूर्णा म्हटलं, की आधी विचारा, कोणती?

जिल्ह्याच्या मधून वाहते दुधना. जालना शहरातली कुंडलिका तिलाच मिळते, आणि दुधना पुढे पूर्णेला. आता नकाशात रेल्वेची रेषा शोधा. बदनापूर, जालना, परतूर. ती साधारणपणे दुधनेच्या खोऱ्यानंच जाते. का? कारण आगगाडीला चढ आवडत नाही. गाडीनं जाल तेव्हा प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वहीत टिपून ठेवा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, ते परभणी असा आलेख काढलात, तर जमीन कशी पूर्वेकडे उतरते ते तुमच्याच आलेखात दिसेल.

आणि दक्षिणेकडे बघा. अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतून एक निळी रेषा वळणं घेत जाते. ही नदी नाही. हा पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा. त्याची लांबी आहे २०८ किलोमीटर. तो एवढी वळणं का घेतो? सरळ का नाही खणला? कारण कालव्याला पाणी उचलता येत नाही. ते हळूहळू उतरतच न्यावं लागतं. म्हणून तो समोच्च रेषांचा हात धरून चालतो. आता एक बोट कालव्यावर ठेवा आणि दुसरं गोदावरीवर. मधली शेतं कालव्यापेक्षा खाली आहेत. त्यांना पाणी आपोआप मिळू शकतं. कालव्याच्या वरच्या अंगाचं गाव मात्र दोनशे मीटरवर असलं, तरी ते कोरडं राहू शकतं. एक तपकिरी रेषा इकडे की तिकडे, एवढ्यावर एखाद्या घराचं नशीब बदलतं.

गावांची नावंही वाचा

आता थोडा वेळ फक्त नावं वाचत चला. पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव, जांब. हे जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव, घनसावंगी तालुक्यातलं. नावांत केवढी झाडं आहेत! त्यातली आज गावात किती शिल्लक आहेत, ते मोजायला नकाशा नको, फक्त डोळे हवेत. 'वाडी' दिसली की समजा मूळ गावातून फुटलेली वस्ती. 'तांडा' दिसला की बंजारा समाजाची वस्ती. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' म्हणजे थोरलं आणि धाकटं. हे शब्द फारसीतून आले. अशी थोरली-धाकटी गावं पुष्कळदा ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर असतात. तशी जोडी सापडली, की वेलस्लीसारखा विचार करा. इथं उतार कुठं असेल? मग नकाशात तुटक रेषेची पायवाट शोधा. बहुतेक वेळा ती तिथंच ओढा ओलांडताना सापडेल!

मराठीत 'उतार' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, बघा. जमिनीचा उतार आणि नदीचा उतार. एक पाण्याला वाट देतो, दुसरा माणसाला. आपल्या नकाशावाचनाचा सगळा अभ्यास या एका शब्दात आला.

कागदावरची रेषा डोंगरावर

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. तुमच्या आई-बाबांना ते वर्ष आठवत असेल. टँकर, हंड्यांच्या रांगा, चारा छावण्या. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला. हा तलाव म्हणजे समोच्च रेषांचा फार छान धडा आहे. तो शहरापेक्षा उंचावर आहे. त्यामुळे त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं शहरात आणता आलं! पण वर्षानुवर्षं गाळ साठून तलाव उथळ झाला होता. तो आटल्यावर जालन्याच्या नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढायला सुरुवात केली.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंची गावाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. आजूबाजूला रान करपलेलं असताना तिथं द्राक्षबागा टिकून होत्या. ही जादू नव्हती. १९९६ पासून पुढची काही वर्षं खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तिथं काम झालं होतं. पाणलोट म्हणजे काय? एका ओढ्याला जेवढ्या जमिनीवरचं पाणी येऊन मिळतं, तेवढी सगळी जमीन. नकाशात जलविभाजकाची कड बोटानं धरून फिरलात, की पाणलोटाची सीमा तयार. ती सातबाऱ्यावर नसते, तालुक्याच्या नकाशावर नसते. ती फक्त तपकिरी रेषांत असते.

कामाची रीत म्हणजे माथा ते पायथा. आधी टेकडीचा माथा, मग उतार, मग शेतं, सगळ्यात शेवटी ओढा. उतारावर काय करतात? समतल चर खणतात. म्हणजे सारख्या उंचीवरून जाणारे लांब चर. ओळखलंत? कागदावरची समोच्च रेषाच कुदळीनं डोंगरावर काढायची! पळणारं पाणी त्या रेषेवर थबकतं आणि मुरतं. शेतांत बांधबंदिस्ती होते. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी खणली. पाऊस तेवढाच होता, फक्त त्याची पळवाट अडवली.

वेलस्लीनं जमीन वाचली ती नदी ओलांडायला. कडवंचीनं वाचली ती पाणी थांबवायला.

आणि मोबाइल?

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? बाबांच्या मोबाइलमध्ये नकाशा आहेच की! खरं आहे. रस्ता शोधायला तोच बरा. तिथं समृद्धी महामार्गही दिसतो, जुन्या टोपोशीटवर तो कुठून असणार? पण मोबाइल सहसा सांगतो 'कसं जायचं'. टोपोशीट सांगतं 'हे असं का आहे'. आणि जुना नकाशा टाकाऊ नसतो. जुना आणि नवा शेजारी ठेवा. कोणती विहीर गेली, कोणता तलाव आला, कोणती झाडी पिवळी झाली, कोणता निळा पट्टा काळा झाला. तीस-चाळीस वर्षांचा तुमच्या गावाचा इतिहास असा दोन कागदांच्या मधे सापडतो.

करून पाहा

१. पाण्याची पातळी : दहा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्या. नळीची दोन टोकं दोन काठ्यांना बांधा. नळीत पाणी भरा, आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. दोन्ही काठ्या शेजारी शेजारी सपाट फरशीवर उभ्या करून पाणी जिथं आहे तिथं खूण करा. आता शाळेच्या मैदानात किंवा माळावर जा. एकानं काठी धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं पुढं जायचं आणि पाणी दोन्हीकडे खुणेवर येईपर्यंत काठी वर-खाली सरकवत जागा शोधायची. ती सापडली, की दोन्ही जागा सारख्या उंचीवर! तिथं चुन्याच्या फक्कीची रेघ मारा. मग पहिल्यानं पुढं जायचं. अशी शंभर मीटरची रेघ मारलीत, की तुम्ही तुमची पहिली समोच्च रेषा काढली.

२. ओढ्याचा पाठलाग : घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गावच्या ओढ्यानं वर वर जा, जिथं तो सुरू होतो तिथपर्यंत. वाटेत विहिरी मोजा. कुणाला विचारता आलं तर विचारा, कोणत्या महिन्यात पाणी तळाला जातं? मग सगळं कागदावर काढा. पाऊस चालू असताना किंवा पूर असताना मात्र ओढ्यात उतरायचं नाही.

३. आजी-आजोबांची परीक्षा : काढलेला नकाशा त्यांना दाखवा. ते नक्की चुका काढतील. "इथं आंब्याचं झाड होतं", "ही पाऊलवाट खालून जायची". ते सगळं वेगळ्या रंगानं नकाशात भरा. असा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाकडेही नाही!

असईजवळ त्या दिवशी वाटाडे म्हणाले, उतार नाही. उतार तर तिथंच होता, दोन गावांच्या मधे. उद्या तुमच्या गावात कुणी म्हणालं, "आपल्याकडे पाणीच नाही," तर लगेच मान हलवू नका. घरी या, नकाशा उघडा, आणि आधी त्या काळ्या ओढ्यावर बोट ठेवून बघा, पाणी येतं कुठून आणि जातं कुठं.